चिलगोज्याच्या वनात रोपे का उगवत नाहीत?

सुक्या मेव्याच्या दुकानात काजू, बदाम, पिस्ते यांच्या रांगेत एखाद्या कोपऱ्यात लांबट, तपकिरी, गुळगुळीत कवचाच्या बिया ठेवलेल्या असतात. भाव ऐकला की बहुतेक गिऱ्हाईक पुढे सरकते. किलोमागे काही हजार रुपये मोजावे लागणाऱ्या या मेव्याचे नाव चिलगोजा. काजू आणि बदाम बागेत पिकतात. चिलगोज्याच्या बागा नसतात. तो हिमालयाच्या आतल्या, कोरड्या दऱ्यांतील रानझाडांवरून काढून आणला जातो. शिवाय आपण खातो ते त्या झाडाचे फळ नसून बी असते. ज्या बीपासून नवे झाड उगवायचे, तेच बी बाजारात येते.

भारतातील चिलगोज्याची बहुतेक वने हिमाचल प्रदेशातील किन्नौर जिल्ह्यात आहेत. त्यांचे क्षेत्र सुमारे २,००० हेक्टर एवढेच आहे. सतलज नदीच्या दरीतून जाताना समोरच्या कड्यांवर ही झाडे दिसतात, तेव्हा वन हिरवे आणि धडधाकट वाटते. वनशास्त्राचे अभ्यासक मात्र अनेक वर्षांपासून वेगळे चित्र मांडत आहेत. या वनांत प्रौढ आणि वृद्ध झाडे आहेत, पण त्यांची जागा घेणारी रोपे अत्यल्प आहेत. घरात वडीलधारी माणसे पुष्कळ आणि मूल एकही नाही, अशी ही अवस्था आहे. ती कशामुळे आली, हे समजून घ्यायचे तर वन स्वतःला कसे टिकवते, हे आधी पाहावे लागते.

नैसर्गिक पुनरुत्पादन म्हणजे काय?

माणसाने लागवड न करता वनातल्याच झाडांच्या बियांपासून, मुळांपासून किंवा खोडाच्या फुटव्यांपासून नवी पिढी तयार होणे, याला नैसर्गिक पुनरुत्पादन म्हणतात. साग, बांबू यांसारख्या वनस्पती तोडल्यावर पुन्हा फुटतात. बहुतेक पाइन वृक्षांना ही सोय नाही. मोठे झाड तोडले की बुंध्यातून फुटवा येत नाही. नवे झाड केवळ बीपासूनच येते. त्यामुळे पाइन वनाचे भवितव्य सर्वस्वी बियांवर अवलंबून असते.

बीपासून झाडापर्यंतचा हा प्रवास अनेक टप्प्यांचा आहे. झाडाला शंकू लागले पाहिजेत, त्यांत सकस बी भरले पाहिजे, ते पक्षी, उंदीर आणि माणूस यांच्या तावडीतून सुटून जमिनीवर पडले पाहिजे. तेथे ओल, माती आणि योग्य तेवढा प्रकाश मिळाला तर ते रुजते. रुजलेले रोप उन्हाळा, हिवाळा, आग आणि गुरांचे खूर यांतून वाचले तर काही वर्षांनी त्याचे तरुण झाड होते. यांपैकी एखादा टप्पा जरी वर्षानुवर्षे तुटलेला राहिला, तरी साखळी खंडित होते.

अशा वनाची पाहणी करताना वनकर्मचारी नमुन्यादाखल छोटे तुकडे आखून त्यांतील रोपे, तरुण झाडे आणि मोठी झाडे वेगवेगळी मोजतात. निरोगी वनात रोपे सर्वांत जास्त, तरुण झाडे त्यांहून कमी आणि मोठी झाडे सर्वांत कमी असतात. हे प्रमाण उलटे झाले की वनाला म्हातारपण आले, असे समजावे. या म्हातारपणाचे लक्षण दुरून दिसत नाही. पाइन वृक्ष शंभर-दीडशे वर्षे सहज जगतात. त्यामुळे नवी पिढी येणे थांबल्यानंतरही कित्येक दशके वन हिरवेगार दिसत राहते.

हिमालयातील पाइन वृक्ष

महाराष्ट्रातल्या वाचकाला पाइनची ओळख बहुधा पर्यटनातून किंवा चित्रपटांतून झालेली असते. सह्याद्रीत किंवा दख्खनच्या पठारावर पाइन नैसर्गिकरीत्या उगवत नाही. भारतात त्याचे घर हिमालय आणि ईशान्येकडचे डोंगर हे आहे. पायथ्यालगतच्या आणि मध्यम उंचीच्या उतारांवर चीड, त्याच्या वरच्या पट्ट्यात कैल, मेघालयाच्या व आसपासच्या डोंगरांत खासी पाइन आणि वायव्येकडील कोरड्या दऱ्यांत चिलगोजा, अशी ढोबळमानाने त्यांची वाटणी आहे. फुले-फळे न येता शंकूच्या खवल्यांवर उघड्या बिया धरणाऱ्या प्रकटबीज वनस्पतींमध्ये त्यांचा समावेश होतो.

या सर्व वनांच्या आधाराने शतकानुशतके माणसे राहत आली आहेत. सरपण, इमारती लाकूड, गुरांचे गवत, राळ, बिया अशा अनेक गोष्टी या वनांनी डोंगरी गावांना पुरवल्या. तेव्हा माणसाचा भार वनावर पडतो, हे नवीन नाही. हा भार झाडाच्या आयुष्यातील नेमक्या कोणत्या टप्प्यावर पडतो, यावर मात्र परिणाम ठरतो. चीड आणि चिलगोजा या दोन जातींची तुलना केली की हे स्पष्ट होते.

चीड : भार सोसून पसरणारा वृक्ष

उत्तराखंडातील कुमाऊँ आणि गढवाल या प्रदेशांत चीड वृक्षाची विस्तीर्ण वने आहेत. तीन-तीनच्या झुबक्यात येणारी त्याची सुईसारखी पाने २० ते ३० सेंटिमीटर लांब असतात. उन्हाळ्यात ती गळून जमिनीवर जाड थर साचतो. या वाळलेल्या पानांना स्थानिक भाषेत पिरूल म्हणतात. पिरूलमध्ये राळेचा अंश असल्याने तो चटकन पेट घेतो.

चीड वृक्षाचे बी हलके आणि पंखधारी असते. उन्हाळ्यात शंकू उघडतात, बी वाऱ्यावर दूर जाते आणि पावसाळ्यात रुजते. रोपाला भरपूर ऊन लागते; दाट सावलीत ते तग धरत नाही. मोठ्या झाडाची साल जाड असल्याने जमिनीलगतची आग त्याला सहसा मारत नाही. लहान रोप वरून जळाले, तरी कित्येकदा बुंध्यापासून पुन्हा फुटते. पाइन जातीत हा गुण विरळाच आढळतो. आगीमुळे पिरूलचा थर जळून मोकळी माती उघडी पडली, तर बी रुजण्यास उलट मदत होते.

या वनांवरून विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोठा संघर्ष झाला. १९११ ते १९१७ या काळात ब्रिटिश सरकारने कुमाऊँमधील विस्तीर्ण वने राखीव म्हणून जाहीर केली. नवे गवत यावे म्हणून उन्हाळ्यात रान जाळण्याची गावकऱ्यांची जुनी पद्धत गुन्हा ठरली; चराई आणि लाकूडतोडीवर बंधने आली. असंतोष वाढत गेला आणि १९२१ च्या उन्हाळ्यात कुमाऊँतील चीड वनांत जागोजागी आगी लावण्यात आल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पुढे १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले आणि काही वनांचा कारभार गावांकडे आला. या वनपंचायती उत्तराखंडात आजही आहेत.

चीड वनाची तोड करताना वनखात्याची एक जुनी पद्धत होती. सर्व झाडे एकदम न काढता ठरावीक अंतरावर चांगली, भरपूर बी देणारी झाडे उभी ठेवायची. त्यांना बीजवृक्ष म्हणत. त्यांच्या बियांपासून खालची मोकळी जमीन रोपांनी भरली आणि रोपे सावरली की मग बीजवृक्ष काढायचे. तोड करतानाच पुढच्या पिढीची तजवीज करणारी ही पद्धत होती. चिपको आंदोलनानंतर १९८१ मध्ये तेव्हाच्या उत्तर प्रदेशाच्या डोंगरी भागात १,००० मीटरच्या वरील हिरव्या झाडांच्या व्यापारी तोडीवर बंदी आली. तोडीबरोबर बीजवृक्षांची ही पद्धतही तेथे मागे पडली.

चीड वृक्षालाही माणसाचा त्रास होतोच. राळेसाठी खोडाची साल तासली जाते. जखम खोल गेली तर वादळात झाड तेथूनच मोडते आणि आगीला आत शिरण्यास वाट मिळते. दरवर्षी आग लागू लागली तर रोपांना सावरायला अवधीच मिळत नाही. २०१६ आणि २०२४ या वर्षी उत्तराखंडात लागलेल्या वणव्यांत हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी भीमतालमधून पाणी नेऊन आगीवर ओतावे लागले. असे असले तरी एकंदरीत चीड हा भार सोसून पसरणारा वृक्ष आहे. गावालगतच्या बांज ओकची झाडे चाऱ्यासाठी सतत छाटली गेली, त्यांचा पालापाचोळा खतासाठी नेला गेला आणि त्या विरळ झालेल्या वनात ऊन शिरले, की तेथे चीड वृक्षाची रोपे उगवतात. पाणी धरून ठेवणारा बांज मागे हटतो आणि चीड पुढे सरकतो, ही तेथील गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे.

चीड वृक्षावरील भार मुख्यतः खोडावर, जमिनीवर आणि रोपांवर पडतो. बी मात्र कोणी नेत नाही. ते वाऱ्याबरोबर मुबलक पसरते आणि संधी मिळेल तेथे रुजते. चिलगोज्याच्या बाबतीत नेमके उलटे घडते.

कोरड्या दऱ्यांतील झाड

चिलगोज्याचे शास्त्रीय नाव पायनस जेरार्डियाना. जेरार्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यावरून ते पडले. किन्नौरमध्ये त्याला न्योजा असेही म्हणतात. समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० ते ३,३०० मीटर उंचीवर, मॉन्सूनचा पाऊस फारसा न पोहोचणाऱ्या दऱ्यांत तो वाढतो. तेथे ओलावा मिळतो तो मुख्यतः हिवाळ्यातील बर्फातून. भारताबाहेर पाकिस्तानातील सुलेमान पर्वतरांगेत व उत्तरेकडील डोंगरांत, तसेच पूर्व अफगाणिस्तानात त्याची वने आहेत. जगात अन्यत्र हा वृक्ष महत्त्वाच्या प्रमाणात नाही.

चिलगोज्याची साल पातळ असून तिचे तुकडे सोलून पडतात. त्यामुळे खोडावर करड्या, हिरवट आणि पिवळसर ठिपक्यांची नक्षी दिसते. चीड वृक्षाप्रमाणे जाड सालीचे कवच नसल्याने आग त्याला फार लवकर इजा करते. खडकांच्या भेगांत मुळे रोवून तो उभ्या उतारांवर तग धरतो आणि भुसभुशीत डोंगर धरून ठेवतो. किन्नौरसारख्या दरडप्रवण प्रदेशात या कामाचे मोल बियांच्या बाजारभावाइतकेच मोठे आहे. जुलै आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बटसेरी व निगुलसरी येथे दरडी कोसळून अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा तेथील उतार किती नाजूक आहेत, हे देशाने पाहिले.

चिलगोज्याच्या पुनरुत्पादनाची गती मुळातच संथ आहे. शंकू धरल्यापासून तो पिकेपर्यंत साधारण दोन वर्षे जातात. दरवर्षी सारखे पीक येत नाही. एखादे वर्ष भरभरून आले की पुढची एक-दोन वर्षे हलकी जातात. बी सुमारे दोन सेंटिमीटर लांब आणि जड असते. चीड वृक्षाच्या बीप्रमाणे ते वाऱ्यावर उडत नाही. झाडाखाली पडते, किंवा पक्षी आणि उंदरांसारखे प्राणी ते उचलून नेतात, पुढच्या गरजेसाठी पुरून ठेवतात, आणि विसरलेल्या बियांतून कुठेतरी रोप उगवते. बीमध्ये तेलाचे प्रमाण खूप असते. प्राण्यांना आणि माणसालाही ते हवेहवेसे वाटते, याचे कारण हेच.

शरद ऋतूत पडलेले बी बर्फाखाली हिवाळा काढते आणि वसंतात बर्फ वितळू लागले की रुजते. रुजल्यावरही रोप वाढते ते अगदी सावकाश. सुरुवातीची काही वर्षे त्याची बहुतेक शक्ती मूळ खोल नेण्यात खर्ची पडते. जमिनीवर दिसते ते बोटभर उंचीचे, गवतात सहज हरवून जाणारे रोप. एखाद्या झुडपाच्या आडोशाला किंवा खडकाच्या सावलीला ते वाचण्याची शक्यता अधिक असते. अशा झाडाने पिढी टिकवायची तर पुष्कळ बी जमिनीवर पडले पाहिजे. तेच आता पडत नाही.

तोडणीचा हंगाम

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किन्नौरच्या चिलगोजा वनांत तोडणी चालते. शंकू अजून हिरवे आणि मिटलेले असतानाच ते काढावे लागतात, कारण एकदा खवले उघडले की बी दरीत विखुरते आणि हाती लागत नाही. माणसे झाडावर चढतात, हाताने किंवा लांब काठीला बांधलेल्या आकड्याने आणि विळ्याने शंकू पाडतात. खाली कडा आणि वर राळेने चिकट झालेल्या फांद्या, अशा स्थितीत हे काम करताना पाय घसरला तर जिवावर बेतते. गोळा केलेल्या शंकूंचे ढीग घालून काही दिवस झाकून ठेवतात. खवले सैल झाले की काठ्यांनी झोडपून बी वेगळे करतात.

शंकू तोडण्याने झाड मरत नाही. मात्र दोन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे त्या वर्षीचे जवळजवळ सारे बी वनाबाहेर जाते. पोहोचण्यास अशक्य अशा कड्यावरचे एखादे झाड सोडले तर बाकी झाडांवर शंकू शिल्लक राहत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक चिंतेची आहे. शंकू पिकायला दोन वर्षे लागत असल्याने पिकलेल्या शंकूजवळच त्याच डहाळीच्या टोकाकडे पुढच्या वर्षीचे छोटे शंकू असतात. घाईने डहाळीच तोडली की चालू पिकाबरोबर पुढचे पीकही जाते. वर्षानुवर्षे फांद्या अशा तोडल्या गेल्या की झाडाचा माथा विरळ होतो आणि शंकू धरण्याची त्याची क्षमताच घटते.

जे थोडे बी जमिनीवर उरते, त्यावर पक्षी आणि उंदीर यांचाही हक्क आहे. वनात बी मुबलक असते तेव्हा त्यांनी खाऊनही पुष्कळ उरते आणि त्यांनी पुरून ठेवलेल्या बियांतून रोपे येतात. बी अत्यल्प असते तेव्हा ते सगळेच शोधून खाल्ले जाते.

हक्क, ठेका आणि घाई

किन्नौरच्या माणसाला यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. ही वने सरकारी दप्तरी वनखात्याची असली, तरी चिलगोजा गोळा करण्याचे गावकऱ्यांचे परंपरागत हक्क पूर्वीच्या बुशहर संस्थानाच्या काळापासून मान्य झालेले आहेत. कल्पा, पांगी, रारंग, जंगी, मूरंग, रिब्बा अशा गावांत चिलगोजा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार आहे. सफरचंदाच्या बागा येण्यापूर्वी रोख पैसा मिळवून देणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी तो एक होता. पाहुण्यांच्या गळ्यात चिलगोज्याची माळ घालण्याची रीत तेथे आहे. जो मेवा सन्मानाचे प्रतीक आहे, त्याचे वन नाहीसे व्हावे, असे तेथे कोणालाही वाटत नाही.

अडचण निर्माण झाली ती मागणी आणि व्यवस्था या दोन्ही बदलल्याने. पूर्वी घरातील माणसे जमेल तेवढे शंकू काढत. अवघड जागेचे, उंच फांदीचे शंकू झाडावरच राहत. त्या न काढलेल्या शंकूंतून वनाला बी मिळे. आता चिलगोज्याला देशात आणि देशाबाहेर मोठी मागणी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अफगाणिस्तानातून चीनला थेट विमानाने चिलगोजा पाठवणे सुरू झाले, यावरून या बीच्या बाजारपेठेची कल्पना यावी. किन्नौरमध्येही अनेक ठिकाणी गावाच्या वाट्याच्या वनातील हंगाम ठेकेदाराला लिलावाने दिला जातो. ठेकेदार बाहेरून मजूर आणतो. ज्याने एका हंगामासाठी पैसे मोजले आहेत, त्याला पुढच्या वर्षीच्या शंकूंची किंवा तीस वर्षांनंतरच्या झाडांची फिकीर करण्याचे कारण उरत नाही. एकही शंकू मागे ठेवणे म्हणजे त्याच्या दृष्टीने तोटाच.

गाव स्वतः तोडणी करते तेथेही एक अडचण राहते. वन सामाईक असले की, आपण सोडलेला शंकू दुसरा कोणी तरी नेईल, ही शंका प्रत्येकाच्या मनात असते. त्यामुळे शंकू पुरते पिकण्याआधीच तोडणीची घाई सुरू होते. अशा वेळी एकट्याने संयम पाळून उपयोग होत नाही. नियम सर्वांनी मिळून केला आणि सर्वांनी पाळला, तरच बी झाडावर राहते.

रोपांवरचा भार

झाडावरून सुटलेले बी रुजले, तरी पुढची वाट सोपी नाही. किन्नौरमध्ये मेंढ्या-शेळ्यांचे कळप उन्हाळ्यात वरच्या कुरणांकडे जातात आणि थंडी सुरू होताच खाली येतात. कळपांची ये-जा ज्या उतारांवरून होते, तेथे बोटभर उंचीची रोपे खुरांखाली सापडतात किंवा शेळ्या ती खुडून खातात. चीड वृक्षाची रोपे संख्येने इतकी असतात की काही तुडवली गेली तरी वन भरून निघते. चिलगोज्याच्या मोजक्या रोपांतून काही गेली की मागे काहीच उरत नाही.

याशिवाय रस्ते आणि जलविद्युत प्रकल्प यांचा भार आहे. सतलज आणि तिच्या उपनद्यांवर नाथपा झाकरी, बास्पा, करछम वांगतू असे मोठे प्रकल्प उभे राहिले. बोगदे, रस्ते आणि वीजवाहिन्यांसाठी झाडे गेली, खोदकामाचा मलबा उतारांवर पडला. लिप्पा गावच्या लोकांनी काशंग प्रकल्पाच्या पुढील टप्प्यांना विरोध केला, त्यामागे आपल्या वनाची आणि चिलगोज्याची काळजी हेही एक कारण होते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये हा प्रस्ताव वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले.

आगीचा धोका तर सर्वांत भयंकर. मे २०२२ मध्ये पाकिस्तानातील बलुचिस्तानच्या शेरानी भागात, सुलेमान पर्वतावरील चिलगोजा वनात मोठा वणवा पेटला. हे वन जगातील सर्वांत मोठ्या चिलगोजा वनांत गणले जाते. आग विझवण्याच्या प्रयत्नात स्थानिक माणसे मृत्युमुखी पडली आणि शेवटी इराणमधून आग विझवणारे विमान मागवावे लागले. पातळ सालीची हजारो झाडे जळाली. ज्या वनात रोपांची पिढी तयार आहे, ते अशा आघातातून कालांतराने उभे राहू शकते. ज्या वनात केवळ म्हातारी झाडे आहेत, तेथे आग लागली की परतीची वाट जवळजवळ बंद होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या सूचीत चिलगोज्याला धोक्याच्या उंबरठ्यावरील जातींत ठेवले आहे.

रोपवाटिकेची मर्यादा

वनात रोपे येत नसतील तर रोपवाटिकेत वाढवून लावावीत, हा उपाय सहज सुचतो. वनखाते आणि सिमला येथील हिमालयीन वन संशोधन संस्था यांनी त्या दिशेने काम केले आहे. बीला थंडी देऊन रुजवणे, लांब मुळाला पुरेशी जागा मिळेल अशा खोल पिशव्या वापरणे, रोपाला सावली देणे अशा गोष्टींनी रोपवाटिकेत रोपे तयार होतात. परंतु ती लावण्याजोगी व्हायला काही वर्षे जातात, आणि कोरड्या, खडकाळ उतारावर लावल्यानंतर त्यांतली बरीचशी जगत नाहीत. ज्या भेगेत बी स्वतः रुजून मूळ खोल नेते, तेथे पिशवीतले रोप बसवणे कठीण असते. त्यामुळे लागवड ही नैसर्गिक पुनरुत्पादनाला पूरक ठरू शकते, त्याला पर्याय ठरू शकत नाही. प्रकल्पांसाठी तोडलेल्या चिलगोज्याच्या बदल्यात अन्यत्र रोपे लावल्याचा हिशेब कागदावर जमला, तरी डोंगरावर तो जमतोच असे नाही.

थोडे बी मागे ठेवावे

या प्रश्नावरील सर्वांत परिणामकारक उपाय खर्चाचाही नाही आणि किचकटही नाही. दरवर्षी काही शंकू झाडावर राहू द्यावेत. चीड वनातील बीजवृक्षांची जुनी कल्पना येथे वेगळ्या रूपाने लागू पडते. प्रत्येक वनखंडात काही निरोगी, भरपूर शंकू देणारी झाडे तोडणीतून वगळून त्यांच्यावर खूण करता येईल. किंवा वनाचे भाग पाडून एकेका भागाला आळीपाळीने विश्रांती देता येईल. विश्रांतीच्या भागात काही वर्षे चराईही बंद ठेवली, तर पडलेले बी रुजण्यास आणि रोप सावरण्यास अवधी मिळेल. फांद्या न तोडता केवळ शंकू काढण्यासाठी योग्य आकडे, चढण्यासाठी दोर आणि सुरक्षेची साधने मजुरांना दिली, तर झाडांची हानी आणि माणसांचे अपघात दोन्ही घटतील. शंकू पुरते तयार झाल्याशिवाय तोडणी सुरू करू नये, असा नियमही उपयुक्त आहे. पाकिस्तानात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने चिलगोजा वनांच्या संवर्धनाचा प्रकल्प राबवला गेला, त्यातही स्थानिक समुदायांना बरोबर घेणे आणि तोडणीची साधने सुधारणे यांवर भर होता.

हे नियम वरून आलेल्या आदेशाने चालणार नाहीत, याची साक्ष कुमाऊँच्या १९२१ च्या आगी देतात. गावाचा हक्क नाकारून वन राखता येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील मालकी आणि सामूहिक वनाचे व्यवस्थापन या गोष्टी ग्रामसभेच्या हाती येऊ शकतात. हंगाम ठेकेदाराला द्यायचा की स्वतः करायचा, किती झाडे राखायची, तोडणी कोणत्या दिवशी सुरू करायची, हे ग्रामसभेने ठरवले तर पाळणारेही तेच आणि लक्ष ठेवणारेही तेच राहतील. मात्र संयम पाळणाऱ्या गावाचे त्या वर्षीचे उत्पन्न कमी होते. हा तोटा एकट्या गावावर टाकून चालणार नाही. बी वेगळे करणे, प्रतवारी आणि विक्री गावाच्या हाती आली, तर कमी मालातही आजच्याइतका पैसा मिळू शकतो. चिलगोज्यासाठी ग्राहक मोठी किंमत मोजतोच. तिच्यातला मोठा वाटा ज्याने वन राखले त्याच्यापर्यंत पोहोचला पाहिजे.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न अगदी परका नाही. आपल्या रानातली चारोळी हेही बीच आहे. भाव चढू लागला की ती कच्ची असतानाच झाडे ओरबाडली जातात, फांद्या तोडल्या जातात आणि रानात रोपे दिसेनाशी होतात. आपल्याकडे देवराया टिकल्या त्या मुख्यतः तेथून काही न्यायचे नाही, या सर्वांनी मानलेल्या नियमामुळे. किन्नौरच्या वनात सगळेच सोडून द्यावे, अशी कोणाचीच अपेक्षा नाही. दहातले एखादे झाड सोडले, तरी वनाला नवी सुरुवात मिळू शकते.

आज किन्नौरच्या उतारांवर उभी असलेली बहुतेक चिलगोज्याची झाडे कित्येक दशकांपूर्वी, बाजार इतका तेजीत नसताना, कोणी न काढलेल्या बियांपासून उगवली. ही झाडे अजून बरीच वर्षे शंकू देत राहतील, त्यामुळे घाई करण्याचे कारण वरकरणी दिसत नाही. परंतु बोटभर रोपाचे शंकू देणारे झाड व्हायला कित्येक वर्षे लागतात. जुनी झाडे वाळू लागल्यानंतर जागे होऊन उपयोग नाही. ती बी देत आहेत, तोपर्यंतच त्यांतले काही जमिनीवर पडू दिले पाहिजे.